एका घराला एकच ट्रे

६ डिसेंबर, मंगळवार

अंडीवाल्या प्योची गाडी आज मी फाटकातच अडवली. पहारेकऱ्याला कालच बजावून ठेवलं होतं, पण त्या माणसाचा भरवसा नाही. कुणालाही आत सोडतो आणि मग टोपी हातात घेऊन 'चुकलं' म्हणतो. म्हणून स्वतःच जाऊन उभी राहिले. तोंडाला मास्क, हातात महिला मंडळाचा शिक्का मारलेला बंदीचा कागद.

निळी गाडी आली, टपावर भोंगा चालूच. "अंडी आली, अंडी. ताजी, टपोरी अंडी." पलीकडच्या गावांत बर्ड फ्लूमुळे पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या खड्ड्यात लोटताहेत, आणि ह्याचं आपलं ताजी, टपोरी.

"प्यो, भोंगा बंद करा. आजपासून आत यायचं नाही."

"का हो अध्यक्षाबाई?"

"बातम्या बघत नाही वाटतं तुम्ही."

"बघतो की. माझा माल मेव्हण्याच्या फार्मवरचा. तिथे सरकारी माणूस येऊन तपासून जातो."

"सगळे हेच सांगतात."

त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. मग म्हणाला, "ताई, मी अंडी विकतो, ताप नाही विकत."

मी कागद त्याच्या काचेला चिकटवला. त्याने तो काढला, नीट घडी करून खिशात घातला आणि गाडी मागे घेतली. जाताना फाटकाशी जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कोंबडीपेक्षा माणसं लवकर आजारी पडतात."

उद्धट माणूस. आमचे हे बागेतल्या मंडपात बसून सगळं बघत होते. प्यो आला की गाडी उभी करून दोघं सोंगट्या खेळत बसायचे. आज ह्यांनी पट गुंडाळला आणि न बोलता वर आले.

९ डिसेंबर, शुक्रवार

घरात उरलेली अंडी मी मंगळवारीच टाकून दिली. पिशवीत घालून, गाठ मारून, वर पुन्हा पिशवी. ह्यांना ते आज कळलं. रोज दोन उकडलेली अंडी मीठ लावून खायची सवय.

"उकडलेली चालतात म्हणे," हे म्हणाले. "टीव्हीवर डॉक्टर सांगत होता."

"त्या डॉक्टरच्या बायकोला विचारा, तिच्या घरी शिजतात का."

ह्यांनी पुढे वाद घातला नाही. हे कधीच घालत नाहीत. शहर बस चालवून निवृत्त झाले, तेवढी वर्षं लोकांची बोलणी ऐकली, म्हणून घरी गप्प, असं मी समजते. टोफू वाढला. खाल्ला. मग कोट घालून 'फिरून येतो' म्हणाले आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत आले नाहीत.

१४ डिसेंबर, बुधवार

सुपरमार्केटमध्ये अंड्यांच्या फळीपाशी चिटपाखरू नव्हतं. बायका तिथून जाताना श्वास रोखून जातात. एकीने तर पोराचा हात खसकन ओढला, अंडं उडून अंगावर येणार असल्यासारखा. मला बरं वाटलं, खोटं का लिहू. आपण म्हणालो आणि लोकांनी ऐकलं, असं आयुष्यात किती वेळा होतं?

मंडळाच्या चिटणीस मेंगबाई लिफ्टमध्ये भेटल्या. "अध्यक्षाबाई, तुम्ही होता म्हणून. नाहीतर ह्या वसाहतीचं काय झालं असतं देव जाणे."

मेंगबाई गोड बोलतात. गोड बोलणाऱ्या माणसाला मी घाबरत नाही, पण त्याच्याकडे पाठही फिरवत नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

फळी रिकामी. भीतीमुळे नव्हे. संपलीच अंडी. इतक्या कोंबड्या मारल्या की घालायला कोंबडीच राहिली नाही. भाव दुप्पट, आणि वर पाटी: 'एका घराला एकच ट्रे.' गेल्या आठवड्यात नाक दाबून जाणाऱ्या त्याच बायका आज दुकान उघडायच्या आधी थंडीत उभ्या. भाव वाढला की विषाणू मरतो, हे मला ठाऊक नव्हतं.

रांगेत मेंगबाई. त्यांच्या मागे त्यांचा नवरा, दोघं एकमेकांना ओळख न दाखवता. त्याच्या मागे त्यांची सासू, काठी टेकत. एका घराचे तीन ट्रे.

"अरे वा, मेंगबाई," मी म्हटलं. "तुम्हीच ना, अंड्याच्या सावलीला उभ्या राहणार नव्हतात?"

"सासूबाईंना हवंय हो."

सासूबाई मागून खणखणीत बोलल्या, "मला नको. मला झोपेतून उठवून आणलंय."

लोक हसले. मेंगबाईंचं तोंड भोपळ्यासारखं झालं. माझ्यामागे कुजबुज सुरू झाली, ती मला ऐकू येत होती. "हिनेच गाडी घालवली. गाडी दारात यायची, पायरी उतरलं की अंडी. आता बसा गारठत."

मी काहीच न घेता परत आले. मला नकोतच अंडी. कुणी हे लक्षात घेत नाही, की मी एकटी माझ्या शब्दाला जागले आहे.

२३ डिसेंबर, शुक्रवार

हे सकाळी उजाडता बाहेर पडतात. डोंगर चढणाऱ्यांच्या गटात नाव घातलंय म्हणे. बुटांना मात्र डोंगराची माती नसते. हातांना भेगा पडल्यात. मलम लावायला गेले तर हात मागे घेतला.

परवा लाल डाळीची लापशी केली होती, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाची. दोन चमचे खाल्ली. "पोट भरलंय," म्हणाले.

"कशाने?"

"असंच. वाऱ्याने."

प्रकृती खालावतेय की काय, असं मनात येतं. अंडी बंद केल्यामुळे तर नव्हे? नाही. अंडी बंद केल्याने माणूस मरत नाही, खाल्ल्याने मरतो.

२९ डिसेंबर, गुरुवार

ह्यांचा आवाज गेला. काल संध्याकाळी घरी आले ते नुसतेच ओठ हलवत. पहिली लक्षणं घशातच दिसतात, मी वाचलंय. लगेच ह्यांचं अंथरूण मागच्या खोलीत नेलं, वाटी, चमचा, जेवायच्या काड्या वेगळ्या केल्या, उकळून घेतल्या. हे हातवारे करून 'काही नाही, काही नाही' सांगत होते. ज्याला होतं तो असंच सांगतो.

आज ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर कोवळा पोरगा, चष्म्याच्या वरून बघणारा. मी त्याला सगळं सांगितलं: रोग, पक्षी, वसाहत, माझे उपाय. त्याने ह्यांच्या घशात दिवा टाकला.

"काही नाही. घसा बसलाय. आजोबा, ओरडलात का कुठे?"

हे माझ्याकडे न बघता पुटपुटले, "थोडं."

"कोणावर?"

"कोणावर नाही."

येताना बसमध्ये मी विचार करत होते. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यावर एकदाही ओरडला नाही. मुलगा ग्यू-सॉक शाळा बुडवून पळाला तेव्हासुद्धा नाही. मग हा आवाज साठवून ठेवला होता तो कुठे खर्च केला?

गाण्याच्या खोल्या असतात, बाजारपेठेच्या मागे. तासावर भाड्याने. तिथे माणसं एकटी जात नाहीत.

५ जानेवारी, गुरुवार

ह्यांच्या कोटात जांभळा मफलर सापडला. विणलेला, हाताचा, टाके घट्ट. आमच्या घरात जांभळं काही नाही. मला तो रंग आवडत नाही हे ह्यांना माहीत आहे.

मी तो जेवणाच्या मेजावर, किमचीच्या बशीशेजारी ठेवला.

"कुणाचा?"

"उसना घेतलाय. थंडी होती."

"मफलर उसना देणारी कोण?"

"देणारी कशाला. देणारं माणूस."

"ते माणूस विणतंसुद्धा वाटतं."

ह्यांनी मफलर उचलला, झटकला आणि गळ्यात घालून जेवायला बसले. माझ्यासमोर. घरात, खालून तापवलेल्या जमिनीवर. मी ताटली धाडकन आपटली तर म्हणाले, "फुटेल."

हे काल घडलं; रागात वही उघडली नाही. आजही अक्षर वाकडं येतंय. डोळ्यांत पाणी आलं नाही, हे नोंदवून ठेवते.

१२ जानेवारी, गुरुवार

पहारेकरी कचऱ्याचे डबे धूत होता. मी म्हटलं, जंतुनाशक कमी टाकतोस तू. तो म्हणाला, "टाकतो की. अध्यक्षाबाई, प्योचं कळलं ना तुम्हाला?"

मला कळलं नव्हतं. इथे येणं बंद झाल्यावर प्यो टेकडीवरच्या जुन्या घरांत जाऊ लागला. तिथे गाडी चढत नाही. हातात ट्रे रचून पायऱ्या चढायचा. महिनाभरापूर्वी बर्फावरून पाय घसरला, खुबा मोडला. अजून रुग्णालयात आहे.

"अंडी वाचली का?" हा प्रश्न माझ्या तोंडून का निघाला, मला माहीत नाही.

पहारेकऱ्याने झाडू थांबवला. "नाही," म्हणाला. "अंडी नाही वाचली."

मी बर्फ पाडला नव्हता. टेकडीवर पायऱ्या मी बांधल्या नाहीत. साथीच्या दिवसांत कुणीतरी कठोर व्हावंच लागतं, नंतर सगळे शहाणे. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "तुमचा प्यो पडला म्हणे."

"माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देईपर्यंत हे आंघोळीला गेले.

१९ जानेवारी, गुरुवार

मंडळाची सभा. सोल्लालचा, नव्या वर्षाचा सण आठवड्यावर आलाय, पूर्वजांपुढे मासे आणि भोपळ्याचे काप अंड्यात घोळवून परतून ठेवायचे असतात, आणि दुकानांत अंडी नाहीत. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

मेंगबाईंनी सुरुवात केली. "ताई, आता हवा बदललीय. प्योची गाडी परत आत घ्यावी असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

"प्यो रुग्णालयात आहे."

"गाडी चालूय. प्योची बायको पैसे घेते आणि एक चालवणारा ठेवलाय. बाकीच्या वसाहतींत फिरते की. माणूस फार सज्जन आहे म्हणे. म्हाताऱ्या बायकांच्या दारापर्यंत ट्रे पोचवतो." एवढं बोलून त्यांनी जमिनीकडे बघितलं. मागच्या रांगेतली कुणी खोकली. सगळ्याच जमिनीकडे बघू लागल्या, तिथे काही सांडल्यासारख्या.

लाज वाटली असेल. वाटायलाच हवी. मी उभी राहिले. "डिसेंबरात ह्याच खोलीत तुम्ही हात वर केले होते. तेव्हा कोंबडीचं पीससुद्धा नको होतं. आज तोंडाला पाणी सुटलं तर तत्त्वं गेली. मी ह्यात नाही. मी राजीनामा देते."

मी थांबले. अशा वेळी लोक 'नको, नको' म्हणतात, हात धरतात, बसवतात. कुणीच काही म्हणालं नाही. मेंगबाईंनी हळूच शिक्क्याची डबी आपल्याकडे ओढली.

२४ जानेवारी, मंगळवार

विमानाने परदेशी अंडी आली. पांढरीफेक; आपल्याकडची असतात लालसर. सुपरमार्केटमध्ये बायका ती हातात घेऊन फिरवतात आणि परत ठेवतात. एक म्हणे, "रक्त नसल्यासारखी दिसतात." दुसरी म्हणे, "आत पिवळं तरी असतं का?" महिनाभर अंड्यासाठी गारठलेल्या ह्या बायका, आता अंडं मिळतंय तर त्याचा रंग आवडत नाही. कुणाच्या तोंडात मारावी कळत नाही. मी स्वतः मात्र ती घेतली नाहीत. इतक्या लांबून येणारं अंडं ताजं कसं असेल?

२८ जानेवारी, शनिवार. सोल्लाल

ग्यू-सॉक आणि सूनबाई ये-रिम काल आले. सूनबाईंच्या हातात पांढऱ्या अंड्यांचा ट्रे, वर लाल फीत. भेट म्हणून.

"हे आजेसासऱ्यांपुढे ठेवणार तू?"

"आई, घोळवून परतल्यावर रंग कुठे दिसतो? कवच तर आपण टाकूनच देतो."

"त्यांना कळेल."

"कळलं तर म्हणतील, ह्या वर्षी निदान काहीतरी ठेवलं." हसून म्हणाली, पण सुरी जरा जोरात चालवत होती. दरवर्षी ती माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस उभी असते आणि तीन दिवस अशीच सुरी चालवते. मी तिला काही बोलत नाही. फक्त काप जाड झाले एवढं सांगितलं.

तेवढ्यात हे आत आले. एक अंडं उचललं, कानाशी हलवलं, दिव्यासमोर धरलं. "बरी आहेत. प्रवासाने पांढरं जरा पातळ होतं. मोठ्या आचेवर टाकू नकोस, सूनबाई, पसरतील."

ग्यू-सॉक हसला. "बाबा, तुम्ही तर पक्के व्यापारी झालात."

ये-रिमच्या हातातला डाव खाली पडला. तिने नवऱ्याला कोपर मारलं, मी बघितलं. मग सगळे गप्प. माझ्या घरात माझ्या कपाळाला आठी दिसली की लोक असे गप्प होतात. पूर्वी मला त्याचं बरं वाटायचं.

काप केले. ठेवले. नमस्कार झाले. मी एकच खाल्ला, प्रसाद म्हणून. चवीत फरक नव्हता, हे कुणाला सांगितलं नाही.

जाताना ये-रिमने चपला घालता घालता म्हटलं, "आई, बाबांशी जरा बोला."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही."

माझ्या घरातल्या भानगडी सुनेपर्यंत पोचल्या तर. ती जांभळी विणणारी कोण, हेही तिला माहीत असणार.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाल्कनीत चादरी वाळत घालत होते. फाटकाकडून भोंगा ऐकू आला. मेंगबाईंच्या राज्यात गाडी आत आलीच. मी दार लावायला वळले आणि तशीच थांबले.

"अंडी आली, अंडी. आपली लाल आहेत, बाहेरची पांढरीही आहेत. ताजी, टपोरी अंडी. सावकाश या, सगळ्यांना मिळतील."

आवाज ह्यांचा होता.

इतका मोकळा आवाज. जरा घोगरा, पण मोकळा. आमच्या घरात मी तो कधी ऐकला नव्हता. 'सावकाश या' म्हणताना त्यात हसू होतं.

खाली उतरले ते घरातल्या चपलांनीच. पन्नासेक बायका रांगेत. मला बघून रांग दुभंगली, अंत्ययात्रेला वाट देतात तशी. एकीच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सभेतसुद्धा. पहारेकऱ्यालासुद्धा.

हे गाडीच्या फळीवर उभे होते, गळ्यात तो मफलर. पुढच्या बाजूला प्योची बायको, सुकलेली, ठेंगणी, पैसे मोजून कमरेच्या पिशवीत टाकत होती. तिच्याही गळ्यात तसलाच मफलर, हिरवा.

"उतरा खाली," मी म्हटलं.

"रांग आहे," हे म्हणाले. रागाने नव्हे. बसमध्ये पुढच्या दाराने उतरणाऱ्याला सांगत असतील तसं.

इतक्या जणींसमोर आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मी रांगेत उभी राहिले. कुणी मला पुढे जा म्हणालं नाही. माझी पाळी आली तेव्हा ट्रे शिल्लक होते, लाल आणि पांढरे दोन्ही.

"एक ट्रे द्या," मी प्योबाईंना म्हटलं. "लाल."

प्योबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "तुम्हाला नाही."

"काय म्हणालात?"

"सगळ्यांना देईन. ह्या बाई, त्या बाई, सगळ्यांनीच हात वर केले होते, ठाऊक आहे मला. त्या पोटासाठी आल्या, त्यांनाही देईन. पण काचेला कागद तुम्ही चिकटवलात. माझा नवरा आता काठीशिवाय उठत नाही. तुम्ही एकदा तरी विचारायला आलात का, कसा आहे म्हणून?"

मागे कुणाच्या तरी हातातल्या ट्रेचा पुठ्ठा करकरला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांची मी बायको. ह्यांनी काहीतरी म्हणायला हवं होतं. एक ट्रे उचलून माझ्या हातात ठेवायला हवा होता.

"मालकीणबाई नाही म्हणतायत," हे म्हणाले. "गाडी त्यांची आहे."

आणि माझ्या मागच्या बाईला विचारलं, "लाल की पांढरी?"

परत जिने चढून आले; लिफ्ट आहे हे विसरूनच गेले होते.

संध्याकाळी हे नेहमीच्या वेळेला आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत वाटेत तडकलेली चार-पाच अंडी. विकता येत नाहीत ती चालवणाऱ्याची.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणूनच." मग पिशवी ओट्यावर ठेवत, "त्याची गाडी फाटकातून मागे फिरली तेव्हा मी मंडपात बसून होतो. उठलो नाही. त्याच्या बायकोने विचारलं, चालवता का. ह्या वेळी बसून राहवेना."

"आणि माझं काय?"

"तुझं काय म्हणजे?"

मी खोलीत येऊन ही वही उघडली. हे स्वयंपाकघरात खुडबुड करतायत. भांडी कुठे असतात तेही ह्यांना माहीत नाही. काहीतरी पडलं. मग अंडी फेटल्याचा आवाज, बराच वेळ. तिळाच्या तेलाचा वास आला, कांद्याच्या पातीचा. मातीच्या भांड्यात वाफवतायत वाटतं.

आत्ता दाराबाहेरून विचारलं, "थोडं खाणार का?"

"नको," मी म्हटलं.

कुणीही पहिल्यांदा नकोच म्हणतं. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, तिसऱ्यांदा हाताला धरून बसवायचं असतं. लहान पोरालासुद्धा हे शिकवावं लागत नाही. मी पेन खाली ठेवलं, केस सारखे केले.

"बरं," हे म्हणाले, आणि पावलं परत गेली.

भांड्याच्या तळाला चमचा खरवडतोय. आता नळ सोडला. भांडं स्वतःच घासतायत.